विश्वंभररावांचा शेवट

बाई, तुम्हाला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. गणिताचा मास्तर आहे, मोजल्याशिवाय राहवत नाही. या सव्वीस दिवसांत मी एक काम केलं, जे चौतीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं. तुमची ती हिरव्या पुठ्ठ्याची कादंबरी वाचली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मधलं एकही पान न गाळता. तुमची म्हणतो, कारण लिहिली दुसऱ्या कोणी असली तरी यवतमाळ ते राळेगाव या रस्त्यावर ती तुमच्याच मालकीची होती. तिचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर कोणी तरी जाऊन पडताळा घेईल आणि माझी उरलीसुरली अब्रूही जाईल.

हो, पहिल्यांदाच वाचली. हे एवढं वाक्य लिहायला मला आजची अख्खी सकाळ लागली. रजियानं दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा थंड झालेला उचलून नेला.

तो दिवस तुम्हाला आठवत असणार. राळेगाव तालुक्यातल्या आपल्या त्या शाळेत रुजू होऊन मला चौथा दिवस होता. मधली सुट्टी, शिक्षकांच्या खोलीत डबे उघडलेले. तुम्ही मराठीच्या भगत बाई, वर्गात शुद्ध प्रमाण मराठी बोलणाऱ्या आणि वर्गाबाहेर पाऊल पडलं की थेट माहेरच्या बोरी अरबच्या आठवडी बाजारात उतरणाऱ्या. तुम्ही कोणाला तरी त्या कादंबरीतला नावाडी रंगवून सांगत होता. तेवढ्यात एक सहकारी माझ्याकडे बघून अगदी सहज म्हणाला, "शेख सरले कायले सांगता बाई? त्यायच्याकडे मराठी कोन वाचते?"

बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच जास्त लागलं. माझं सगळं शिक्षण मराठी शाळेत झालेलं. अब्बांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात पंक्चर निघेपर्यंत मी गिऱ्हाइकांना मराठी पेपर वाचून दाखवायचो आणि त्यांची शाबासकी मिळवायचो. पण कादंबरी म्हणाल तर खरंच एकही वाचली नव्हती. घरात वेळ नव्हता, पुस्तक नव्हतं आणि पुढे गणित एके गणित झालं. तुम्ही मात्र त्या सहकाऱ्याकडे लक्ष न देता मला विचारलंत, "वाचली का तुमी?" आणि खोलीतली सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

"वाचली ना," मी म्हणालो. "दोनदा."

दोनदा कशाला म्हणालो ते आजही कळत नाही. एकदा म्हणालो असतो तरी भागलं असतं.

तुम्ही घास हातात धरून माझ्याकडे पाहिलंत. जरा जास्तच वेळ पाहिलंत. मग म्हणालात, "मंग विश्वंभरराव कसा वाटला तुमाले?"

"फार खरा," मी म्हणालो. "आमच्या गल्लीत अगदी असाच एक आहे."

"आमच्याही गल्लीत आहे," तुम्ही म्हणालात आणि तुमचा डबा माझ्यापुढे सरकवलात. "घ्या, जवसाची चटणी आहे."

त्या सहकाऱ्यानं पुन्हा कधी मला तसं म्हटलं नाही. उलट पुढच्याच आठवड्यात त्यानं मला वाचनालयाच्या समितीवर घेतलं. तुम्हाला तेव्हा हसू कसं आवरलं, हे मी आता विचारतो आहे.

नवीन माणसाला तुमचं बोलणं समजायला महिनाभर लागायचा. भाजीवाला टमाट्याचा भाव मधेच वाढवायला लागला की तुम्ही म्हणायच्या, "अर्ध्या नदीत पैसे वाढवून मागू नको नावाड्यासारखे." तो बिचारा विचारायचा, कोन नावाडी? मग तुम्ही पिशवी खाली ठेवून त्याला सगळं प्रकरण सांगायच्या आणि मागे गिऱ्हाइकांची रांग लागायची. आपले मुख्याध्यापक म्हणजे त्या कादंबरीतले मामलेदार, कारण दोघंही बोलण्याआधी पेनाचं टोपण काढायचे आणि बोलून झालं की काही न लिहिता परत लावायचे. बसचा कंडक्टर म्हणजे बहिरी आत्या, कारण त्यालाही फक्त स्वतःच्या फायद्याचं ऐकू येतं. तुम्हाला हे उपमा म्हणून सुचत नसे. तुमच्यासाठी ती माणसं खरंच होती, बोरी अरबला राहणाऱ्या नातेवाइकांसारखी.

एकदा यवतमाळहून शाळेला जाताना बसमध्ये तुम्ही याचं कारण सांगितलं होतं. तुमचे बाबा जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहायचे. बौद्ध झाल्यावर घरातला देव्हारा गेला आणि भिंतीत कोनाडा रिकामा राहिला. तुमच्या आईला ती रिकामी जागा बघवेना. तेव्हा बाबांनी बाजारातून रद्दीतली चार पुस्तकं आणली, धुतलेल्या फडक्यानं पुसली आणि कोनाड्यात मांडली. त्यातलीच एक ही हिरवी. "सकाळी उठलो का आमी चौघं भावंडं आधी कोनाड्यापुढं उभे राहो," तुम्ही म्हणालात. "बाबा म्हणत, एक पान वाचा, मंग चहा घ्या. आमच्या घरात नावाडी आन मामलेदार रोज चहाले असत." मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, कारण तेव्हाही मला वाटलं, आता सांगून टाकावं. राळेगाव आलं आणि राहून गेलं.

बसमधली तुमची जागा शेवटची, सगळ्यांत मागची. मी ड्रायव्हरच्या मागे पहिल्या सीटवर, कठडा धरून. सुरुवातीची दोन-तीन वर्षं आपण असे बसच्या दोन टोकांना बसून ओरडून बोलायचो. शेवटी तुमच्या हट्टापायी मी मागे आलो. "तिथं काय आहे बाई, हाडं मोडतात," असं म्हणालो तर तुम्ही म्हणालात, "उडायले भेटते सर. फुकटात." खड्डा आला की तुम्ही दोन्ही पाय उचलून धरायच्या. चाळिशी उलटलेली बाई, हातात वह्यांचा गठ्ठा, आणि खड्डा आला की पाय वर. मला लाज वाटायची आणि मजाही वाटायची. लाजेचं मी तुम्हाला सांगितलं, मजेचं नाही सांगितलं.

आणि विश्वंभरराव. काय माणूस होता तो! तुमच्याकडून मला तो तुकड्यातुकड्यांनी कळत गेला. कुठेही गेला, लग्न असो की मयत, की आधी विचारणार, बसायले काही आहे का? नोव्हेंबर लागला की मफलर. बोरं समोर आली की म्हणणार, आता दातांना झेपत नाहीत, आणि सगळे दात मात्र शाबूत. पायऱ्या चढण्याआधी मोजून घेणार. पोरं खेळत असली की थांबून बघणार, बघून झालं की म्हणणार, आपले दिवस गेले. "तेव्हा वय किती त्याचं?" असं मी एकदा बेसावधपणे विचारलं. तुम्ही म्हणालात, "अडतीस. विसरले का? दोनदा वाचली न तुमी." मी म्हणालो, "हो हो, अडतीस." मीही तेव्हा अडतीसचाच होतो. मला वाटलं, लेखकानं माणूस काय ओळखला आहे!

मग मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक नसेल. आठवीच्या गणिताच्या टाचणवहीत मागच्या पानावर मी विश्वंभररावांची टिपणं ठेवायला लागलो. बोलताना घोटाळा नको म्हणून. मफलर राखाडी. बायकोचं नाव बाईंनी सांगितलेलं नाही, विचारू नये. कठडा धरतो. अशी साडेचार पानं झाली होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी ती एकदा उघडली आणि विचारलं, हे कोण गृहस्थ? मी म्हणालो, एक शाब्दिक उदाहरण आहे सर.

मी कादंबरी वाचून का नाही टाकली, असं तुम्ही विचाराल. एकदा वाचनालयात जाऊन तिला हात लावला होता. ग्रंथपालानं वर पाहिलं आणि मी पुस्तक परत ठेवलं. मी समितीवर होतो, ही कादंबरी दोनदा वाचलेला माणूस म्हणून गावात माझी ख्याती झाली होती. आता ती घरी नेताना दिसलो असतो तर? नंतर नंतर सवयच झाली. तुम्ही सांगत होता आणि मी ऐकत होतो, त्यात माझं छान चाललं होतं. रजिया म्हणायची, "तीस साल हो गये, अब तो पढ़ लो. एक किताब से इतना क्या डरना?" बायकोच ती, तिला सगळं माहीत होतं. तुमच्याकडे ईदला शीरखुर्मा घेऊन जाताना ती मला दारातच बजावायची, आज विश्वंभररावचा विषय निघाला तर तोंड बंद ठेवा.

माझ्या निरोपसमारंभाचं काय करू बाई? ते आठवलं की या वयात अंगावर काटा येतो. तुम्ही दोन वर्षं आधी निवृत्त झाल्या होत्या, खास माझ्यासाठी आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. मला वाटलं, आज बाईंना खूश करावं. माईकवर मी म्हणालो, एका श्रेष्ठ मराठी कादंबरीत विश्वंभरराव नावाचं अजरामर पात्र आहे, जाणकारांना वेगळं सांगायला नको. आणि मी त्याच्यावर दहा मिनिटं बोललो. खुर्ची, मफलर, बोरं, सगळं. त्याच्यासारखं अकाली म्हातारं होऊ नका, असा तरुण शिक्षकांना उपदेशही केला. टाळ्या पडल्या. तुम्ही पदर तोंडाशी धरला होता आणि तुमचे खांदे हलत होते. मला वाटलं, बाईंना भरून आलं. माझाही आवाज जड झाला. त्यानंतर केंद्रप्रमुख उठले आणि म्हणाले, शेख सरांनी आमच्या फार आवडत्या पात्राची आठवण करून दिली, आम्ही ते कॉलेजात अभ्यासलं होतं. तेव्हा तर तुम्ही उठून बाहेरच गेल्या. मी रजियाला म्हणालो, बघ, किती हळव्या आहेत बाई.

निवृत्तीनंतर मी घरी म्हातारा व्हायला लागलो आणि तुम्ही उलट्या दिशेला निघाल्या. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आले. बासष्टाव्या वर्षी तुम्ही स्कूटी शिकल्या आणि तिसऱ्याच दिवशी कापसाच्या गाड्यांच्या रांगेपुढे पडल्या. गाडीवान खाली उतरले, त्यांनी तुम्हाला उचललं आणि तुम्ही त्यांनाच विचारलं, "माझा वेग किती होता जी?" मी भेटायला आलो, कोपराला पट्टी बघितली आणि ओरडलो, पडायचं वय आहे का हे? तुम्ही शांतपणे म्हणालात, "मंग पडायचं वय कोन्तं असते सर?"  

तुम्हाला म्हातारपण मान्य नव्हतं असं लोक म्हणायचे. मला तसं वाटत नाही. तुमचे गुडघे दुखायचे आणि तुम्ही ते मोकळेपणानं सांगायच्या. केस पांढरे झाले, ते तुम्ही पांढरेच ठेवले. फक्त कुठल्या गोष्टीत रस घ्यायचा हे तुम्ही वयाला ठरवू दिलं नाही. पोरींच्या वहीतली चित्रं, टपरीवरचं भांडण, नवीन आलेली कणसं, प्रत्येकापाशी तुमचं तासभर काम असायचं. माझं कुठेच काम नसायचं. मी खुर्ची शोधायचो.

आता गेल्या वर्षीच्या चौदा एप्रिलकडे येतो. वर्षभर आपण दोघांनीही हा विषय टाळला. मिरवणूक चौकात आली होती, तुमच्या मोहल्ल्यातल्या पोरी लेझीम खेळत होत्या आणि मधोमध तुम्ही, निळा पदर खोचून, पांढरे बूट घालून. सत्तरी गाठलेली. ठेका तुमचा चुकत नव्हता, पोरींचा चुकत होता. मी नेहमीप्रमाणे चौकातल्या दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसलो होतो. माझ्या शेजारचे दोघं काही तरी बोलून हसले. तुमच्याबद्दलच बोलले की आणखी कशाबद्दल, हेही मी नीट ऐकलं नाही. उठून गर्दीत शिरलो आणि सगळ्यांसमोर, तुमच्या लेकीसमोर, प्रज्ञासमोर, त्या पोरींसमोर म्हणालो, "बाई, वय काय आपलं? लोक पाहून राह्यले. बंद करा हे."

तुमची लेझीम खाली आली. मी तुम्हाला इतकी वर्षं पाहत होतो. तुम्ही म्हाताऱ्या दिसलात ते त्या क्षणी पहिल्यांदा.

"सर," तुम्ही म्हणालात, "विश्वंभरराव शेवटी काय करते, आठोते ना तुमाले?"

"आठोते," मी रागानं म्हणालो.

"मंग?"

 तुम्ही लेझीम शेजारच्या पोरीच्या हातात दिलीत आणि घरी निघालात. पुन्हा खेळल्या नाहीत. मिरवणूक पुढे गेली आणि मी परत खुर्चीत येऊन बसलो. मला त्या हसणाऱ्या दोघांचा राग आला होता आणि तो मी तुमच्यावर काढला, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. माफी मागायला काय लागतं? दोन गल्ल्या ओलांडायच्या. नाही ओलांडल्या. महिन्याभरानं तुम्हीच आलात, रजियाला जवसाची चटणी दिलीत आणि मला म्हणालात, "चहा पाजा." एवढ्यावर सगळं मिटलं असं मी धरून चाललो.

आणि दवाखान्यात, शेवटच्या भेटीत, तुम्ही मला संधी दिली होती. खाटेशेजारी स्टूल होतं. मी आत शिरताना तेच शोधलं, आणि तुम्ही डोळे मिटलेले असतानाही म्हणालात, "तिथं आहे सर, उजवीकडे." मग हळू आवाजात विचारलंत, "एक खरं सांगा. विश्वंभररावचा शेवट वाचला ना तुमी?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, बाई. पण सलाइनची नळी लावलेला तुमचा हात दिसला आणि वाटलं, आता या घडीला काय सांगायचं? चौतीस वर्षांचं खोटं यांच्या उशाशी नेऊन कशाला ठेवायचं? मी म्हणालो, "वाचला ना."

"कसा वाटला?"

"चांगला वाटला."

तुम्ही हसायला लागलात आणि हसताहसता ढास लागली. प्रज्ञानं पाणी पाजलं. ओठ पुसून तुम्ही म्हणालात, "मंग झालं." तिसऱ्या दिवशी तुम्ही गेल्या.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोला म्हणाले. मी उठलो, माईकपाशी गेलो आणि परत येऊन बसलो. दहा मिनिटं विश्वंभररावांवर बोलणारा माणूस तुमच्यावर एक वाक्य बोलू शकला नाही. जेवणं झाल्यावर प्रज्ञा आतून कापडात बांधलेलं पुस्तक घेऊन आली. "काका, आईनं सांगतलं होतं, हे तुमाले द्याचं," ती म्हणाली. हिरवा पुठ्ठा, कोपरे झिजलेले, कोनाड्यातल्या पणतीचा एक डाग. मी घरी येऊन ते उलटं धरून झटकलं. वाटलं, तुम्ही काही लिहून ठेवलं असेल. राळेगावचं एक जुनं एसटीचं तिकीट पडलं, बाकी काही नाही.

मग वाचायला बसलो. आणि काय सांगू बाई, पहिल्याच प्रकरणात नावाडी भेटला आणि मी मोठ्यानं हसलो. रजिया धावत आली. हा तर आपला भाजीवाला! पुढे मामलेदार, पेनाचं टोपण काढतो आहे. पुढे बहिरी आत्या. सगळी माझ्या ओळखीची माणसं, सगळ्यांचे आवाजसुद्धा ठाऊक. नवीन पुस्तक वाचतो आहे असं वाटलंच नाही. कोणाच्या तरी घरी पुष्कळ दिवसांनी गेलो आणि सगळे घरीच सापडले असं झालं. इतकं सुख मी इतकी वर्षं भीतीपोटी दूर ठेवलं होतं.

फक्त विश्वंभरराव येईना. शंभर पानं झाली, म्हटलं येईल. दोनशे झाली. नावाड्याच्या मुलीच्या लग्नात नक्की येईल, खुर्ची मागेल, असं वाटलं. लग्न लागलं, जेवणं उठली, तो नाही. शेवटची चाळीस पानं मी खुर्ची सोडून उभ्यानं वाचली. शेवटी नदीला पाणी येतं, नाव पलीकडे जाते, पुस्तक संपतं. मला वाटलं, माझ्याच वाचण्यात चूक आहे, चारशे बारा पानांत माणूस निसटला असेल. पुन्हा पहिल्या पानापासून बोट लावत नाव शोधलं. म्हणजे आता खरोखरच दोनदा वाचली.

प्रज्ञाकडे गेलो. "पोरी, यात विश्वंभरराव कोणत्या पानावर आहे?"

ती हसली. मग खाली बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडता पुन्हा हसली. "काका, तो यात नाही. कोन्त्याच पुस्तकात नाही. आईनं बनवला तो तुमच्यासाठी."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"लहानपणापासून. बाबालेही ठाऊक होतं. आई शाळेतून आली का सांगे, आज सरनं अशी मान डोलावली. मी म्हणो, आई, सांगून टाक न त्यायले. तं म्हणे, नाही. एक दिवस सर पुस्तक वाचतीन आन माझ्यासंग भांडायले येतीन. मी वाट पाहून राह्यली."

मी उंबऱ्यापाशीच उभा होतो. तिनं खुर्ची पुढे केली, मला ती दिसलीही नाही. तिथूनच विचारलं, "आणि त्याचा शेवट काय?"

"मी पण इचारलं होतं," प्रज्ञा म्हणाली. "तं म्हणे, मले काय माहीत बाप्पा? अजून जिता आहे ना तो."

घरी येताना दोन गल्ल्यांना मला अर्धा तास लागला. शिक्षकांची ती खोली, हातातला घास आणि तुमचं ते जरा जास्त वेळ बघणं आठवत होतं. असं कोणी पात्रच नाही, असं एक वाक्य तुम्ही बोलला असता तर त्या खोलीत मी कायमचा उघडा पडलो असतो. तुम्ही मला खोटा ठरवायचंही सोडून दिलंत आणि माझं खोटं जपायला एक अख्खा माणूस उभा केलात. वर त्याला माझाच मफलर घातलात. मला म्हातारं होताना पाहणं तुम्हाला सोसत नव्हतं, आणि ते तोंडावर सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. म्हणून त्याच्या नावावर सांगत राहिलात.

तर बाई, भांडायला आलो आहे. उशीर झाला, पण आलो. काय हे वागणं? टाचणवहीची साडेचार पानं वाया घालवली मी! केंद्रप्रमुखांसमोर माझं हसं केलं, पदरात तोंड खुपसून हसल्या आणि मी तिकडे रडकुंडीला आलो! चौतीस वर्षांत एकदा तरी इशारा करायचा होता. कायले छळलं मले एवढं? आणि मले सांगा, मी भांडायला येईन म्हणून वाट पाहत होत्या, तर दवाखान्यात माझा हात धरून का नाही म्हणाल्या, सर, नाही वाचली तुमी? मी हो म्हणालो असतो. शपथेवर सांगतो, हो म्हणालो असतो.

भांडण इथे संपलं. आता गेल्या वर्षीचं. बाई, माझं चुकलं. तुमचा ठेका बरोबर होता.

काल चौदा एप्रिल होता. संध्याकाळी मिरवणूक चौकात आली तेव्हा मी पायरीपाशीच होतो. दुकानदाराच्या माणसानं सवयीनं खुर्ची आणून ठेवली, फडक्यानं पुसली, "बसा सर" म्हणाला. मी गळ्यातला दुपट्टा काढून खुर्चीवर ठेवला आणि रस्त्यावर उतरलो. पोरींनी वाट दिली. प्रज्ञानं काही न विचारता तुमची लेझीम माझ्या हातात दिली. समोरच्या कोपऱ्यावर रजिया उभी होती, तिनं ओढणी तोंडाशी धरली होती आणि या वेळी मला पक्कं ठाऊक होतं की ती हसते आहे. पहिले चार ठेके साफ चुकले. पाचव्याला एक पोरगी म्हणाली, "सर, गुडघा वाकवा." वाकवला. चौक ओलांडून पुढच्या खांबापर्यंत खेळलो, बाई. विश्वास नसेल तर प्रज्ञाला विचारा, ती शेजारीच होती.